मोबाईलवरची रास उफणून घ्या!



खळ्यावर भाताची रास आपण वारा पाहून उफणतो. फोल उडून जातो, दाणा खाली राहतो. मोबाईलवर येणाऱ्या बातम्यांचेही तसेच करावे. सूर्या नदीकाठच्या मासवणमध्येही आता घरोघरी संदेशांचा ढीग येऊन पडतो. त्यातून या आठवड्यात उफणून निवडलेले चार दाणे पुढे देत आहे.

पीक पाहणी स्वतः करा

सातबाऱ्यात दोन नमुने असतात. जमीन कोणाची हे सातमध्ये, तर त्यात पीक कोणते हे बारामध्ये. पूर्वी ही पिकाची नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर ती शेतकऱ्याला स्वतः करता येते. गट क्रमांक निवडावा, पिकाचे नाव व क्षेत्र भरावे आणि शेतात उभे राहूनच पिकाचे छायाचित्र काढावे. बांधावरची झाडेही नोंदवावीत. ही नोंद नसली तर आधारभूत किमतीने भात विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण येते. भात उभे असून सातबारा कोरा राहिला, तर तोटा आपलाच! हंगामाची मुदत जाहीर होताच नोंद करा. मोबाईल वापरणे जमत नसेल तर शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला शेतावर बरोबर न्या.

विजेची आगाऊ सूचना

परतीच्या पावसात, नेमकी भातकापणी सुरू असताना विजा कडाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याचा संभव असल्यास सावध करते. सूचना येताच विळा ठेवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली मुळीच थांबू नये. ढग गडगडू लागले तर सूचनेची वाट पाहू नये.

जांभळाला मान

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये, वाडा कोलमला २०२१ मध्ये आणि आपल्याच तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र गावाला मान मिळाला म्हणजे प्रत्येक बागायतदाराला तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. ज्यांची झाडे त्या भागात आहेत, त्यांनी कृषी कार्यालयात चौकशी करावी.

बंदर आणि जमीन

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. अशा मोठ्या कामांच्या बातम्यांबरोबर जमिनीच्या भावाच्या वावड्याही उठतात. कोणी घाई केली म्हणून कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. आपली नावे व क्षेत्र बरोबर आहे का, ते आधी पाहा.

आता फोलाविषयी. पी. एम. किसानचा हप्ता किंवा अनुदान मिळेल असे सांगून 'एपीके' नावाची फाईल कोणी पाठविली तर ती उघडू नका. बँकेतले पैसे जाऊ शकतात. गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. शेतीची शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मराठीत उत्तर मिळते.

नवा संदेश आला की घरात तीन प्रश्न विचारा: हे सांगणारा कोण? खात्री कोठे करायची? माझ्या शेताला याचा उपयोग काय? तिन्हींचे उत्तर मिळाले तर दाणा, नाही तर फोल.