क्ष-किरण चित्र वाचणारा संगणक

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी क्ष-किरणतज्ज्ञ सदैव उपलब्ध नसतो. म्हणून छातीचे चित्र वाचणारी संगणक प्रणाली घेण्याचा विचार आम्ही करीत आहोत. देणगीदारांच्या माहितीसाठी हा खुलासा.

मुंबईच्या क्युअर एआय या २०१६ साली स्थापन झालेल्या कंपनीने अशी प्रणाली विकसित केली आहे. लक्षावधी चित्रांवरून ती क्षयाच्या खुणा ओळखावयास शिकली. पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी अशा प्रणालींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली.

प्रणाली निदान करीत नाही, संशयाचा केवळ गुणांक देते. किती गुणांकापुढे थुंकी तपासावयाची, ही मर्यादा माणसांनीच ठरवावयाची असते. ती खाली ठेवल्यास निरोगी व्यक्तींचीही तपासणी होऊन खर्च वाढतो. वर ठेवल्यास एखादा रुग्ण निसटतो, खोकत घरी परततो आणि लेकराबाळांस बाधा होण्याचे भय राहते. आम्हांस वाढीव खर्च पत्करणे योग्य वाटते.

यास्तव आपली देणगी प्रणालीइतकीच थुंकीच्या तपासणीसाठीही हवी, ही नम्र विनंती.