भागधारकाचा पहिला धडा

मुद्दल सुरक्षित राहावे आणि त्याचे व्याज ठरल्या दिवशी हाती पडावे, ही आपल्या सुशिक्षित घरांची पैशासंबंधीची परंपरागत कल्पना होय. पोस्टातील खाते, बँकेतील मुदतठेव, विम्याचा हप्ता आणि लग्नकार्याच्या निमित्ताने केलेले चार दागिने एवढ्यावर कित्येक घरांचे अर्थशास्त्र संपते. ही कल्पना त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. अडल्या वेळी हीच पुंजी धावून येते. परंतु महागाई वर्षानुवर्षे वाढत असता ठेवीचे मुद्दल मात्र होते तेवढेच राहते, याची जाणीव निवृत्त गृहस्थांइतकी कोणास असणार? म्हणून कंपन्यांचे भाग, म्हणजे ज्यांस बाजारात शेअर म्हणतात ते, घ्यावे आणि त्यांच्या लाभांशाचा घरखर्चास हातभार लावावा, असा विचार आमच्या विठ्ठलवाडीसारख्या नोकरदारांच्या वस्तीतही बोलला जातो. विचार चांगला आहे. पण त्याच्या मुळाशी बहुधा एक गैरसमज असतो, आणि तो आधी दूर केलेला बरा.

तो गैरसमज असा की, लाभांश हे थोडे अधिक दराचे व्याजच होय. ज्यांच्या घरी कोकणात किंवा देशावर जमिनी होत्या, त्यांस यातील भेद सांगणे कठीण नाही. खंडाने दिलेल्या जमिनीचा खंड ठरलेला असे. अर्धेलीने दिलेल्या जमिनीत पीक आले तरच धान्य घरी येई. ठेव ही खंडाची जमीन आहे, भाग ही अर्धेलीची. कंपनीस नफा झाल्यावर त्यातील किती हिस्सा वाटावयाचा याची शिफारस संचालक मंडळ करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ती मंजूर करते. शिफारशीहून अधिक वाटा मागण्याचा अधिकार सभेसही नाही. एकदा जाहीर केलेला लाभांश 30 दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण तो जाहीर केलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नाही. टाटा मोटर्ससारख्या नामांकित कंपनीनेही 2016-17 पासून 2021-22 पर्यंत आपल्या सामान्य भागधारकांस लाभांश दिला नाही. दिवाण हाउसिंग फायनान्स ही कंपनी एके काळी नियमाने लाभांश वाटीत असे. 2021 साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली ती दुसऱ्याच्या हाती गेली, तेव्हा जुन्या भागांची किंमत शून्य झाली. लाभांशाबरोबर मुद्दलही गेले, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. ‘कंपनीने 40 टक्के लाभांश दिला’ हे वाचून नवखा गृहस्थ हरखून जातो. हे टक्के भागाच्या दर्शनी किमतीवर मोजलेले असतात. दर्शनी किंमत 10 रुपये असेल, तर 40 टक्के म्हणजे 4 रुपये. तोच भाग आपण बाजारात 800 रुपयांस घेतला असेल, तर आपल्या पैशावर मिळाले अवघे अर्धा टक्का. 160 रुपयांस मिळाला असता, तर अडीच टक्के. म्हणून आलेल्या रुपयांस दिलेल्या किमतीने भागून पाहावे, हा भागधारकाचा पहिला पाढा होय. यास उलट बाजूही आहे. एखाद्या भागावर बारा-पंधरा टक्के पडताळा दिसला, तर आनंदण्यापूर्वी भागाची किंमत का कोसळली ते पाहावे. पुष्कळदा बाजाराने पुढील संकट ओळखलेले असते, आणि आपण मागील वर्षीच्या पिकावरून यंदाच्या शेताची किंमत करीत असतो.

लाभांशाच्या तोंडावर भाग घेऊन लगेच विकण्याची युक्तीही कोणी कोणी सुचवितात. नोंदीच्या तारखेस ज्याच्या नावे भाग असेल त्यास लाभांश मिळतो. व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होत असल्यामुळे निदान एक दिवस आधी खरेदी करावी लागते. परंतु त्या तारखेस भागाची किंमत साधारणतः लाभांशाइतकी उतरते, आणि मिळालेल्या रकमेवर कर द्यावा लागतो तो वेगळाच. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या दराने करपात्र होतो. एका कंपनीकडून वर्षात 10,000 रुपयांहून अधिक मिळाल्यास ती कंपनी आधीच 10 टक्के कापून घेते. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची आहे.

आता आमच्या शेजाराचेच एक उदाहरण घेऊ. विठ्ठलवाडीहून जवळच शहाडला सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे. त्याचे नाव या भागात लहानथोरांस ठाऊक. सेंचुरी कंपनी 1897 साली मुंबईत कापडगिरणी म्हणून निघाली. पुढे तिने रेयॉन, सिमेंट, कागद असे अनेक धंदे केले. 2018 साली शहाडच्या रेयॉनच्या धाग्याचा कारभार 15 वर्षांच्या कराराने ग्रासिम कंपनीकडे गेला. 2019 साली सिमेंटचा धंदा अल्ट्राटेककडे गेला आणि सेंचुरीच्या दर 8 भागांमागे भागधारकास अल्ट्राटेकचा 1 भाग मिळाला. 2024 साली तर कंपनीचे नावच बदलून आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झाले. ज्याने धुराडे पाहून भाग घेतला असेल, त्याच्या हाती आज घरबांधणीच्या कंपनीचा भाग आणि थोडे सिमेंट आहे. यात त्याचा तोटाच झाला असे मुळीच नव्हे. परंतु आपण कशाचे मालक आहो हे त्यास दरवर्षी नव्याने वाचावे लागले असेल. अंबरनाथची विमकोही तशीच. 1923 साली स्वीडनच्या आगपेटी कंपनीने काढलेली ही संस्था 2005 साली आयटीसीच्या ताब्यात गेली. तात्पर्य, कारखाना रोज डोळ्यांसमोर आहे म्हणून कंपनी ओळखीची होत नाही. तिची ओळख वार्षिक अहवालातून होते.

तो अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि लाभांशापुरता वाचावयास फार विद्वत्ता लागत नाही. गेल्या दहा वर्षांत नफा कसा चालला. लाभांश नफ्यातून दिला की साठ्यातून. नफ्यापैकी किती वाटला आणि किती धंद्यात ठेवला. कर्ज वाढत आहे काय. आणि नफा कागदावरच आहे की रोकड खरोखर येत आहे, एवढे पाच प्रश्न पुरेत. सर्व नफा वाटून टाकणारी कंपनी उदार दिसते. पण बियाणे विकून सण साजरा करणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे तिची पुढील वर्षे कठीण जातात.

नवशिक्याने आरंभ कसा करावा? सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत असावा, आजारपणाचा विमा असावा. दोन-तीन वर्षांत लागणारी मुलांच्या शिक्षणाची रक्कम बाजारात मुळीच नेऊ नये. कर्ज काढून भाग घेऊ नयेत. उरलेल्या शिलकेतून दरमहा थोडे थोडे, आणि ते आठ-दहा निरनिराळ्या धंद्यांत घालावे. एवढे वाचन होणे नसेल, तर म्युच्युअल फंडाचा मार्ग मोकळा आहे. दलाल किंवा सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे की नाही हे सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. ‘महिन्यास ठराविक टक्के मिळवून देतो’ असे सांगणाऱ्याची गाठ पडल्यास हात जोडून त्यास वाट दाखवावी. अर्धेलीच्या शेतात खंडाची हमी कोणी प्रामाणिक मनुष्य देत नाही.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एकत्र कुटुंबात हा व्यवहार बहुधा एकाच्या डोक्यात असतो, आणि तो गेला की घरास कशाचाच पत्ता नसतो. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर ती रक्कम आणि ते भागही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. वारसांस ते परत मागता येतात. पण कागदपत्रांची पायपीट करावी लागते. आजोबांच्या ट्रंकेत जुनी भागपत्रे असल्यास तीही बाहेर काढावी. 1 एप्रिल 2019 पासून कागदी भागांचे हस्तांतरण सामान्यतः बंद झाले असून ते डिमॅट खात्यात आणणे हिताचे आहे. खात्यास नामनिर्देशन करावे, आणि वाण्याच्या हिशेबाच्या वहीतच एक पान याकरिता राखावे: कंपनीचे नाव, भागांची संख्या, दिलेली किंमत, आलेला लाभांश. ते पान घरातील गृहिणीने लिहावे असे आम्ही सुचवितो. महिन्याचा किराणा तीस दिवस पुरविणाऱ्या तिच्या हिशेबीपणास कंपनीचा ताळेबंद अवघड जाण्याचे कारण नाही. आणि उद्या तो व्यवहार एकटीने पाहण्याची वेळ आली, तर परक्याच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी तिच्यावर येणार नाही.