दहा गल्ल्यांची एक गल्ली

पॅलेट ठेवायच्या कोणत्याही मोठ्या गोदामाचा आराखडा उघडा, मालाच्या बरोबरीने मोकळी जमीन दिसेल. फोर्कलिफ्टला वळायला, पॅलेट उचलायला वाट हवी. रीच ट्रकला सुमारे 3 मीटर रुंद गल्ली लागते. गल्ल्या दहा असल्या आणि ट्रक एकच असला, तरी तो एका वेळी एकाच गल्लीत काम करतो, बाकीच्या नऊ नुसत्या पडून असतात. साध्या गोदामात हे खपून जातं. तळोज्यातल्या एखाद्या मासळीच्या शीतगृहात मात्र त्या नऊ गल्ल्यांतली हवासुद्धा उणे 18 अंशांवर ठेवावी लागते, आणि जितकं मोठं छप्पर, जितक्या लांब भिंती, तितकी बाहेरची उष्णता आत शिरते.

यावरचा एक उपाय म्हणजे मोबाइल पॅलेट रॅकिंग. त्यात रॅक चाकांच्या तळखड्यांवर उभे असतात आणि फरशीत बसवलेल्या रुळांवरून मोटरने सरकतात. सगळे एकमेकांना खेटून, मध्ये फक्त एक गल्ली. जिथला माल हवा तिथे ती उघडायची. हिशोब करून पाहू. पाठीला पाठ लावलेला दुहेरी रॅक अडीच मीटर जागा घेतो. असे 10 रॅक आणि 10 गल्ल्या मांडल्या तर 55 मीटर लांबी लागते. तेच रॅक सरकते केले आणि गल्ली एकच ठेवली, तर 28 मीटरमध्ये काम भागतं.

इथवर सगळं मोहात पाडणारं आहे, आणि बरेच मालक इथेच थांबून ऑर्डर देतात. पण जागा वाचते तिची किंमत वेळेत मोजावी लागते. रॅक मिनिटाला साधारण 4 मीटर सरकतात, म्हणजे 3 मीटरची गल्ली उघडायला पाऊण मिनिट. त्याहून मोठी अडचण अशी, की दोन ट्रकना दोन वेगळ्या गल्ल्यांतला माल हवा असेल तर एकाला थांबावंच लागतं.

म्हणून आराखड्याची सुरुवात जमिनीच्या मापाने करू नये, डिस्पॅचच्या वहीने करावी. 40 फुटी रीफर कंटेनरमध्ये 20-21 पॅलेट बसतात. त्या 12 गल्ल्यांत विखुरलेल्या असतील तर नुसती रॅक सरकण्यातच नऊ मिनिटं जातात. दोन गल्ल्यांत असतील तर दीड. एका कंटेनरचा माल शेजारी-शेजारी ठेवायची शिस्त लागली, की तोच सांगाडा कितीतरी जास्त काम देतो. रोज हलणारा माल दाराजवळच्या स्थिर रॅकवर ठेवावा, महिनोन्महिने पडून राहणारा सरकत्या रॅकवर. आणि गर्दीच्या दिवसात दोन ट्रक लागणार असतील तर रॅकचे दोन स्वतंत्र गट करून प्रत्येकाला आपली गल्ली द्यावी. त्यात एका दुहेरी रॅकहून थोडी जास्त जागा जाते. माझ्या मते ती बिनधास्त द्यावी.

सुरक्षेत तडजोड नको. तळखड्याच्या कडेने प्रकाशकिरण सोडलेला असतो. पाय किंवा पडलेलं खोकं आडवं आलं की रॅक जागीच थांबतो. गल्लीत कुणी नाही याची खात्री मात्र माणसानेच करायची. रात्री काम बंद झालं, की मोठी गल्ली मिटवून सगळ्या रॅकमध्ये थोडी थोडी फट सोडतात, म्हणजे गार हवा प्रत्येक पॅलेटपर्यंत पोहोचते.

खरी परीक्षा फरशीची. 8 खणांच्या, 5 मजली दुहेरी रॅकवर प्रत्येक खणात दोन पॅलेट धरल्या तर 160 पॅलेट होतात. एक टनाची एक, म्हणजे 160 टन वजन काही चाकांवर येतं आणि तेही सरकतं. शीतगृहाच्या फरशीखाली उष्णतारोधक थर असतो. त्याच्याखाली जमीन उबदार ठेवायची सोय केली नाही, तर काही वर्षांत मातीतलं पाणी गोठून फरशी वर उचलली जाते. स्थिर रॅकला ते काही काळ चालून जाईल, रुळाला थोडाही उंचवटा चालत नाही. खांबांचंही तसंच. स्थिर रॅकमध्ये खांब दोन पाठींच्या मधल्या फटीत लपवता येतो, पण सरकत्या रॅकच्या वाटेत तो आला की संपलंच. त्यामुळे इमारतीचे खांब गटांच्या सीमेवर किंवा स्थिर रॅकच्या ओळीत घ्यावे लागतात, आणि हे वास्तुविशारदाला पाया खणण्याआधी सांगावं लागतं. शेवटचं काँक्रीट रूळ सपाटीत बसवल्यानंतर ओततात. त्यानंतर गल्ली कुठे हवी होती यावर चर्चा करून उपयोग नसतो.