घाम गाळणाऱ्यांचं सरबत

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पूर्ण करून परतणाऱ्यांपैकी काळा टी-शर्ट घातलेला कुणी दिसला, तर त्याची पाठ बघा. पाठीवर, काखेपाशी, टोपीच्या पट्टीवर पांढरे वेडेवाकडे पट्टे उमटलेले असतात. नखानं खरवडले तर भुकटी निघते. ते मीठ आहे. एक लिटर घामाबरोबर साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम बाहेर जातं, आणि माणसागणिक हे प्रमाण इतकं बदलतं की त्याच वेगानं शेजारून धावलेल्याचा टी-शर्ट कोरा राहू शकतो. घामात पोटॅशियमही असतं, पण फार थोडं. हा फरक शहाळ्याविषयी बोलताना उपयोगी पडेल.

तरीही रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या, योगासनं किंवा हलका व्यायाम करणाऱ्या माणसाला पाणी पुरतं. गेलेलं मीठ पुढच्या जेवणातली आमटी-भाजी भरून काढते. प्रश्न येतो तो सलग तासाभराहून जास्त दमछाक होते तेव्हा, किंवा कडक उन्हात. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं ठरू शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेलं होतं. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा यामुळे मृत्यू झाला. मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पिणं. त्यात पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, यानं फारसा फरक पडला नव्हता, कारण स्पोर्ट्स ड्रिंकमधलं सोडियमही रक्ताच्या मानानं बरंच कमी असतं. म्हणून पेय कोणतंही असो, तहानेच्या पलीकडे पिऊ नये.

मग मीठ-साखर घालायची कशाला? याचं उत्तर लहान आतड्यात आहे. तिथल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण एकत्र आले की ते दोघांनाही आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी (ओआरएस) पाजून असंख्य जीव वाचवले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातले मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड यांनी 1965 मध्ये फुटबॉल खेळाडूंसाठी ‘गेटोरेड’ तयार केलं, त्यातही पाणी, मीठ आणि साखर हेच त्रिकूट होतं. बाटलीवरचा रंग आणि चव बाजूला ठेवली, तर आजही मूळ मसाला तोच आहे.

प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. साखर फार झाली की पेय रक्तापेक्षा दाट होतं, जठरातून लवकर पुढे सरकत नाही, आतडं उलट शरीरातलंच पाणी आत ओढतं आणि धावता धावता पोटात कळ येते. शंभर मिलिलिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर ही व्यायामाच्या पेयाची वरची मर्यादा समजली जाते. आता रसवंतीवरचा उसाचा रस घ्या. आलं-लिंबू घातलेला तो ग्लास कितीही मोहात पाडो, त्यात साखर दहा टक्क्यांच्या वर असते. कोलाची गतही तीच. व्यायाम संपल्यावर सावकाश बसून रस प्यायला हरकत नाही, धावताना नको.

शहाळ्याचं कौतुक आपण जरा जास्त करतो. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं, म्हणजे घामाच्या नेमकं उलट. पोटाला ते हलकं, साखरही कमी. तेव्हा प्या जरूर, पण खूप घाम गेला असेल तर बरोबर काही खारट खा. कोकणातलं कोकम आगळ इथे जास्त कामाचं, कारण ते मीठ घालूनच टिकवलेलं असतं. बाजारातल्या कोकम सरबताच्या पाकापेक्षा दोन-तीन चमचे आगळ, पाणी आणि जराशी साखर हे मिश्रण व्यायामाला कितीतरी बरं. आणि मीठ घातलेलं पातळ ताक! धावताना आंबट ढेकर येतील, पण घरी परतल्यावर त्याच्याइतकं चोख पेय मला दुसरं दिसत नाही. पाणी, मीठ, प्रथिनं सगळं एकाच पेल्यात. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये 72 पुरुषांना वेगवेगळी पेयं देऊन लघवी मोजली, तेव्हा दूध आणि ओआरएस पाण्यापेक्षा जास्त वेळ शरीरात टिकल्याचं दिसलं. चहा-कॉफीनंतरची लघवी पाण्यानंतरच्या इतकीच होती, म्हणजे चहानं शरीर कोरडं पडतं ही ओरड बेताच्या चहाला लागू होत नाही. हे प्रयोग विश्रांतीत झालेले होते, एवढं ध्यानात ठेवावं.

घरच्या लिंबू सरबतात आपण साखर सढळ हातानं घालतो आणि मीठ चवीपुरतं. व्यायामासाठी मापानं करा. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं बारा सपाट चमचे साखर, म्हणजे जवळपास 50 ग्रॅम, पाव चमचा मीठ आणि दोन लिंबं. साखर पाच टक्के होते आणि सोडियम सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. महागड्या बाटलीत याहून वेगळं फारसं काही नसतं. अस्सल ओआरएसमध्ये सोडियम याच्या तिपटीच्या घरात असतं, कारण ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. रोजच्या जिमला त्याची गरज नाही. ओआरएस नावानं विकल्या जाणाऱ्या गोड पेयांना ते नाव वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ते फार आधी व्हायला हवं होतं.

किती प्यायचं हे वजनकाटा सांगतो. व्यायामाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. ते पुढच्या काही तासांत थोडं थोडं भरून काढा. वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात. विदर्भातल्या कोरड्या उन्हात घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे तिथे डोळ्यांवर विसंबू नका, काट्यावर विसंबा. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ-साखरेचं कोणतंही पेय डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात आणि त्यातले काही खाऊच्या पैशातून एनर्जी ड्रिंकचे कॅन घेतात. त्यात कॅफिन आणि दाट साखर असते, घामाच्या भरपाईचा त्याच्याशी संबंध नाही. 1600 मीटरच्या धावण्याला पाणी पुरेसं आहे. मैदानात उन्हात रांगेत ताटकळायचं असेल, तर घरून लिंबू-मीठ-साखरेची बाटली भरून न्या आणि कॅनचे पैसे केळी-अंड्यांवर खर्च करा.