प्रकाशाचा हिशेब



चांगला कॅमेरा हाती आला म्हणजे छायाचित्रे आपोआप चांगली निघतात, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. क्रीडादिनी सकाळी लख्ख उन्हात मी शर्यतींची चित्रे घेतली; ती उत्तम निघाली. त्याच दिवशी सायंकाळी, तीस वर्षे शाळेची घंटा वाजविणाऱ्या आपल्या शिपाईमामांचा निरोपसमारंभ सभागृहात झाला. सकाळी हाताने लावलेली मापे मी बदललीच नाहीत. घरी येऊन पाहतो तो एकूण एक चित्र काळेकुट्ट! मामा दुसऱ्या दिवशी गावी निघून गेले. तो प्रसंग पुन्हा कोठून आणावयाचा?

दोष यंत्राचा नव्हता. प्रकाशाचा हिशेब मला येत नव्हता. तो येथे सांगतो.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर नावाची प्रकाशग्राही पट्टी असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत व पुढे अंकांत होते. चित्राचा उजेड तीन गोष्टींनी आवरता येतो.

पहिली गोष्ट भिंगातील छिद्र, म्हणजे अपर्चर. डोळ्यातील बाहुलीप्रमाणे ते लहानमोठे होते. त्याचा आकडा मात्र उलटा वाचावयाचा. एफ ८ पेक्षा एफ ४ चे छिद्र मोठे असून त्यातून चौपट प्रकाश येतो. परंतु मुख्य वस्तूच्या पुढचेमागचे अधिक अस्पष्ट होते.

दुसरी गोष्ट शटर. ते १/५०० सेकंद उघडल्यास धावणारा मुलगाही स्पष्ट उमटतो. १/६० सेकंद उघडल्यास सुमारे आठपट प्रकाश मिळतो. परंतु हालचाल पुसट होते.

तिसरी गोष्ट आयएसओ. हा आकडा वाढविल्याने प्रकाश वाढत नाही; मिळालेला संकेत तेवढा वाढविला जातो. चित्र उजळते, तथापि दाणेदारही दिसू लागते.

आता माझी चूक पाहा. सकाळची मापे एफ ८, १/५०० सेकंद व आयएसओ १०० अशी होती. दिव्यांच्या मंद उजेडात पाहिजे होती सुमारे एफ ४, १/६० सेकंद व आयएसओ ३२००. म्हणजे छिद्राने चौपट, शटरने आठपट, आयएसओने बत्तीसपट, गुणाकार १,०२४! आपला डोळा अंधारास सरावतो, म्हणून एवढा फरक आपणांस जाणवतही नाही.

अभ्यासास महाग कॅमेरा नको, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. मापे हाताने बदलता येणारा मोबाइल पुरे. त्यातील छिद्र बहुधा कायमचे एकच असते, परंतु शटर व आयएसओ बदलता येतात. ओसरीवर एक तांब्या ठेवावा, मोबाइल स्थिर टेकवावा, व दर खेपेस एकच माप बदलून चित्रे घ्यावीत. काय मिळाले व काय गमावले, ते वहीत टिपून ठेवावे.

आणि प्रसंग कोणताही असो, पहिले चित्र घेताच ते पडद्यावर नीट पाहावे. त्या सायंकाळी मी एवढे जरी केले असते, तरी मामांचे चित्र आज या अंकात असते.