मुंग्या पाळायला सरकारी नियम कशाला?

मे २०२५ मध्ये केनियातल्या न्यायालयाने बेल्जियमच्या दोन एकोणीस वर्षांच्या तरुणांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड ठोठावला. न भरल्यास वर्षभर तुरुंग. गुन्हा काय, तर कापूस घातलेल्या दोन हजारांहून जास्त नळ्यांत भरलेल्या सुमारे पाच हजार मुंग्या. मुंगीपायी एवढी शिक्षा ऐकून हसू येते. त्या हसण्यामागचे समज तपासून पाहू.

गैरसमज : मुंग्यांना काय तोटा? मूठभर नेल्या तर कोणाचे काय जाते?
वस्तुस्थिती : छंदाच्या बाजारात खरे मोल असते ते राणीला, आणि एक राणी उचलली की एक होऊ घातलेले वारूळ जाते. केनियातली ती मेसॉर सेफॅलोटीस ही जात गवताचे बी गोळा करणारी, म्हणजे माळरानाच्या चक्रातला एक दुवा. शिवाय जैविक संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. ती विनापरवाना नेणे ही तस्करीच.

गैरसमज : डब्यातून एखादी मुंगी निसटली तर काय बिघडले?
वस्तुस्थिती : कामकरी मुंगी निसटली तर सहसा काहीच नाही. राणीचे तसे नसते. मीलन-उड्डाणात मिळालेले शुक्राणू ती आयुष्यभर पोटात जपते. अनेक जातींत पंख गळाल्यावर ती उडण्याचे स्नायूच जिरवून, काहीही न खाता पहिली पिल्ले वाढवते. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा आणि अंधार, एवढ्यावर तिचा संसार सुरू होतो. म्हणूनच ती टपालाने चोरून धाडणेही सोपे.

गैरसमज : परदेशी मुंग्या पसरल्या त्या छंदिष्टांमुळेच.
वस्तुस्थिती : दक्षिण अमेरिकेतली तांबडी फायर अँट १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मोबाइल बंदरात पोचली, ती जहाजांवरच्या मालाबरोबर. तो दोष छंदाचा नव्हे. मात्र ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मुंग्यांत आक्रमक जातींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. काहीही खाणारी, कुठेही तगणारी मुंगी पाळायला सोपी आणि सुटली तर पसरायलाही.

गैरसमज : नियम म्हणजे बंदी.
वस्तुस्थिती : अमेरिकेत मुलांच्या खेळण्यातल्या ‘अँट फार्म’साठी कामकरी मुंग्या मिळतात, राणी मिळत नाही, राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कृषी खात्याचा परवाना लागतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये फायर अँटसह मोजक्या जाती आक्रमक ठरवून त्या पाळण्यावर बंदी घातली. बाकीचा छंद मोकळाच राहिला.

गैरसमज : भारतात याबद्दल कायदाच नाही.
वस्तुस्थिती : जिवंत कीटक आयात करायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना लागतो. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला दिला. अभयारण्यातून तर परवानगीशिवाय मुंगीही उचलता येत नाही.

थोडक्यात, घरातल्या बरणीत सरकारने डोकावण्याचे कारण नाही. सीमा ओलांडणाऱ्या राणीवर मात्र नजर हवीच. छंद असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याच परिसरात उतरलेली राणी पाळावी, ऑनलाइन परदेशी राणी मागवू नये आणि कंटाळा आला तर वारूळ जिथून आणले तिथेच सोडावे.