सेन्सर बदलण्याआधी एक्झॉस्टची गळती बघा

सुट्टीच्या दिवशी कासारसाई धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांत अब्बांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या पेट्रोल गाड्या अजूनही दिसतात. या गाड्यांची एक तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. ॲव्हरेज पडलं, स्कॅनर ‘मिश्रण लीन’ म्हणतो, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मिस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर बदलला, हजारो रुपये गेले, आकडा तोच!

आधी एक गोष्ट समजून घेऊ. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. जळल्यानंतर धुरात उरलेला ऑक्सिजन तेवढा तो बघतो. सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डला चीर असली किंवा गॅस्केट फुटलं असलं, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा प्लग मिस मारत असेल तर सिलिंडरमधली हवा न जळताच बाहेर पडते. दोन्ही वेळा सेन्सर ‘लीन’ सांगतो आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. गाडी खरं तर रिच चालत असते.

म्हणून सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून बॉनेट उघडा. मॅनिफोल्डपाशी टिक-टिक आवाज येतो का, जोडावर काळे डाग आहेत का बघा. गरम झाल्यावर फट मिटते, आवाजही जातो. मग प्लग, आणि रबरी व्हॅक्यूम पाइप. हे पाइप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. आयडल वरखाली होत असेल तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्या.

खूप जुन्या गाडीला बाजारातला स्वस्त स्कॅनर जोडला जाईलच असं नाही. तिथे पीयूसीची पावती कामाला येते, फक्त पास-नापास बघून ती खिशात टाकू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२, बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण रिच. तो कमी पण हायड्रोकार्बन जास्त, तर बहुतेक वेळा प्लग मिस मारतोय.

आणि गळती सापडली तर दुरुस्तीपर्यंत धरणाकाठी काचा लावून, एसी चालू ठेवून मुलांना गाडीत झोपवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.